पोर्तुगालचे तरुण देश सोडून जातात, मग लाखो परदेशी तिथे का येतात? गोव्याशी याचा काय संबंध?

गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर माणगावात लागणारी गाड्यांची रांग दरवर्षी आपल्या मोबाईलवर फिरते. कोकणातल्या स्थलांतराचा याहून सोपा पुरावा नाही. घर गावात आणि पोट मुंबईत, म्हणून वर्षातून एकदा सगळे एकाच वेळी रस्त्यावर येतात. पण त्याच कोकणात रत्नागिरीच्या आंबा बागांची राखण नेपाळहून आलेली माणसं करतात. म्हणजे ज्या भागातून माणसं कामासाठी बाहेर पडतात, त्याच भागात दुसरी माणसं कामासाठी येतात.

युरोपच्या पश्चिम टोकाला असलेल्या पोर्तुगालमध्ये नेमकं हेच चाललंय, फक्त मोठ्या प्रमाणावर. या देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ७ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या घरात होती, त्यावरून अंदाज घ्या. पोर्तुगालमध्ये जन्मलेले अंदाजे २० लाख लोक आज इतर देशांत राहतात. आणि २०२४ च्या अखेरीस पोर्तुगालमध्ये राहणाऱ्या परदेशी नागरिकांची संख्या १५ लाखांच्या वर गेली होती. त्यात ब्राझीलचे लोक सगळ्यात जास्त. दुसरा क्रमांक भारतीयांचा, जवळपास १ लाख.

यात गोव्याची एक वेगळीच गोष्ट आहे. पण आधी पोर्तुगालचं समजून घेऊ.

पोर्तुगीज लोक देश का सोडत होते?

पोर्तुगाल आज आपल्याला फुटबॉल आणि पर्यटनामुळे माहीत आहे. पण १९६० च्या दशकात तो पश्चिम युरोपातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता. सालाझारची हुकूमशाही होती. खेड्यात शेती तुकड्यांची, कारखाने कमी, मजुरी तुटपुंजी.

त्यात १९६१ मध्ये अंगोलात वसाहतीचं युद्ध पेटलं. नंतर ते गिनी-बिसाऊ आणि मोझांबिकमध्ये पसरलं आणि १९७४ पर्यंत चाललं. तरुणांना सक्तीने सैन्यात जावं लागायचं आणि त्यात आयुष्यातली तीन-चार वर्षं जायची. गरिबी आणि युद्ध या दोन्हींपासून सुटण्याचा एकच रस्ता होता, तो म्हणजे फ्रान्स.

सरकार सहजासहजी बाहेर जाऊ देत नव्हतं, त्यामुळे लाखो लोक चोरवाटांनी, स्पेनचे डोंगर ओलांडून गेले. सीमा पार करून देणाऱ्या दलालाशी व्यवहार कसा व्हायचा, त्याची एक पद्धत प्रसिद्ध आहे. जाणाऱ्याचा फोटो मधोमध फाडायचा. एक तुकडा त्याच्याजवळ, दुसरा मागे. तो सुखरूप पोहोचला की आपला तुकडा घरी पाठवायचा आणि मगच घरचे दलालाचे उरलेले पैसे द्यायचे.

फ्रान्समध्ये हे लोक बांधकामावर लागले आणि बायका घरकामाला. पॅरिसजवळ शाँपिन्यी इथे तर पोर्तुगीज मजुरांची मोठी झोपडपट्टी उभी राहिली. तिथून पैसे गावी जायचे आणि त्यावर गावात घरं बांधली जायची. कोकणातली मनीऑर्डर आठवली असेल, तर तुलना बरोबर आहे.

१९७४ नंतर काय बदललं?

२५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि हुकूमशाही संपली. पाठोपाठ आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या. तिथे राहणारे पाच लाखांहून जास्त लोक थोड्याच काळात पोर्तुगालला परतले. मोझांबिकमध्ये नोकरीधंद्यासाठी गेलेली अनेक गोवेकर कुटुंबंही याच लाटेत लिस्बनला पोहोचली.

१९८६ मध्ये पोर्तुगाल आजच्या युरोपीय संघाचा सदस्य झाला. निधी आला, रस्ते झाले, पगार वाढले. सोबत आणखी एक गोष्ट मिळाली आणि तीच पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. पोर्तुगालच्या नागरिकाला संघातल्या कुठल्याही देशात जाऊन राहण्याचा आणि नोकरी करण्याचा हक्क मिळू लागला. आता ना चोरवाट, ना दलाल. विमानाचं तिकीट काढलं की झालं.

मग आजचे तरुण का जातात?

कारण पगारातली दरी. २०२५ मध्ये पोर्तुगालचा किमान पगार महिना ८७० युरो होता आणि तो वर्षाला १४ हप्त्यांत मिळतो. १२ महिन्यांत वाटला तर साधारण १,०१५ युरो. त्याच वर्षी लक्झेंबर्गमध्ये किमान पगार २,६०० युरोंच्या वर होता, म्हणजे अडीचपट. म्हणूनच लक्झेंबर्गमध्ये दर सात-आठ रहिवाशांमागे एक पोर्तुगीज आहे.

मधल्या काळात एक मोठा फटकाही बसला. २०११ मध्ये कर्जात बुडालेल्या पोर्तुगालला ७८ अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली. बदल्यात पगार कापले, भरती थांबवली. २०१३ च्या सुरुवातीला बेरोजगारी १७ टक्क्यांच्या वर गेली. २०१२ या एका वर्षात, काही महिन्यांसाठी गेलेले धरून, सुमारे १ लाख २० हजार लोक देशाबाहेर पडले. त्याच वर्षी देशात जन्मलेली मुलं होती ९० हजारांपेक्षा कमी.

यावेळी जाणारे फक्त मजूर नव्हते. नर्स, इंजिनिअर, संशोधक होते. संकट सरलं तरी ओघ पूर्ण थांबला नाही. कारण आता घरांचा प्रश्न आहे. २०१५ पासून पोर्तुगालमधल्या घरांच्या किमती दुपटीहून अधिक झाल्या. पर्यटकांसाठी भाड्याने दिली जाणारी घरं आणि बाहेरून आलेला पैसा ही त्याची दोन कारणं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘गोल्डन व्हिसा’ योजनेत पाच लाख युरोंचं घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळायचा. २०२३ मध्ये घरखरेदीचा हा मार्ग बंद केला. पण लिस्बनमध्ये नोकरी लागलेल्या तरुणाला लिस्बनमध्येच घर परवडत नाही, ही अवस्था आहे तशीच आहे.

सरकारने आमिषं देऊन पाहिली आहेत. २०१९ पासून परत येणाऱ्यांना प्राप्तिकरात निम्मी सूट मिळते. २०२५ पासून ३५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना दहा वर्षं करसवलत मिळते, त्यात पहिल्या वर्षी पूर्ण माफी. पण मूळ पगारच कमी असेल, तर कराच्या सवलतीने दरी किती भरणार?

आणि बाहेरचे लोक का येतात?

कारण गेलेल्यांच्या जागा रिकाम्या आहेत आणि त्या भरायला देशात पुरेसे तरुण नाहीत. पोर्तुगालमध्ये २००९ पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात. दर चार माणसांमागे जवळपास एक ६५ वर्षांच्या पुढचा आहे. हॉटेलं, बांधकाम, खाद्यपदार्थांची डिलिव्हरी, म्हाताऱ्यांची देखभाल आणि शेती ही कामं बाहेरच्या माणसांशिवाय चालत नाहीत.

देशाच्या दक्षिण भागात ओदेमिरा नावाचा तालुक्यासारखा प्रदेश आहे. तिथे प्लास्टिकच्या हरितगृहांत स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी पिकते आणि युरोपभर जाते. तोडणीला माणसं असतात भारत, नेपाळ, बांगलादेशची. २०२१ मध्ये कोविडमुळे हा भाग सील केला, तेव्हा एकेका घरात किती मजूर कोंबून राहतात हे सगळ्या देशाला दिसलं.

मग हेच लोक थेट जर्मनी-फ्रान्सला का जात नाहीत? कारण तिथे कामाचा परवाना मिळणं अवघड. पोर्तुगालमध्ये एक सोय होती. पर्यटक म्हणून आलात, काम मिळवलं आणि सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरायला लागलात, की तिथूनच राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता यायचा. २०१७ मध्ये हा नियम आणखी सैल झाला. पुढे ठरावीक वर्षं राहून नागरिकत्व आणि मग तोच युरोपभर चालणारा पासपोर्ट.

म्हणजे पोर्तुगीज तरुणाला लक्झेंबर्गचा पगार मोठा वाटतो आणि पंजाब किंवा नेपाळमधल्या तरुणाला पोर्तुगालचा. एक वरच्या पायरीवर चढतो, त्याच्या रिकाम्या पायरीवर खालचा येतो. म्हणून जाणारे आणि येणारे ही दोन वेगळी कोडी नाहीत.

यात गोव्याचा संबंध कुठे आला?

गोवेकरांना ही पायरी चढायला शेतात राबावं लागत नाही. त्यांच्याकडे आजी-आजोबांचा जन्मदाखला आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव भारतात आले. त्याआधी गोवा ४५० वर्षं पोर्तुगालकडे होता आणि तिथे जन्मलेले लोक कायद्याने पोर्तुगीज नागरिक होते. भारताने त्यांना भारतीय नागरिकत्व दिलं, पण सालाझारने गोवा गेल्याचं मान्यच केलं नाही. हा वाद १३ वर्षं चालला. हुकूमशाही संपल्यावर ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व स्वीकारलं. त्यावर पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश आणि भारतातर्फे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री, आपले यशवंतराव चव्हाण यांच्या सह्या आहेत.

नंतर पोर्तुगालने आफ्रिकेतल्या बहुतेक वसाहतींमधल्या लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. पण पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना ते राखण्याची मुभा ठेवली. त्यामुळे १९६१ पूर्वी तिथे जन्मलेली व्यक्ती, तिची मुलं आणि नातवंडं लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मागू शकतात. यात धर्माची अट नाही. हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम सगळ्यांना हा नियम सारखाच.

मग कोर्लई, रेवदंडा, वसईकरांना हा पासपोर्ट का मिळत नाही?

रायगडकरांना पडणारा हा प्रश्न अगदी रास्त आहे. चौल-रेवदंड्यात पोर्तुगीज दोनशेहून अधिक वर्षं होते. मुरूड तालुक्यातल्या कोर्लईत आजही काही शे लोक पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात.

पण नागरिकत्व भाषेवरून किंवा आडनावावरून मिळत नाही, नोंदीवरून मिळतं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. इथल्या माणसाचे आजोबा पोर्तुगालच्या राज्यात जन्मलेच नाहीत. त्यामुळे आडनाव फर्नांडिस असलं तरी कोर्लईच्या माणसाला हा मार्ग खुला नाही आणि आडनाव नाईक असलं तरी फोंड्याच्या माणसाला तो आहे.

पासपोर्ट पोर्तुगालचा, मुक्काम इंग्लंडमध्ये. असं का?

गोवेकरांनी पासपोर्ट घेतला, पण बहुतेक जण पोर्तुगालमध्ये थांबले नाहीत. ते इंग्लंडमध्ये स्विंडन, साउथॉल, लेस्टरला गेले. कारण तेच, पगार. शिवाय इंग्रजी येत होती आणि पोर्तुगीज नव्या पिढीला येत नव्हती. गोदामं, कारखाने, हॉस्पिटलं, केअर होम यांत कामं मिळाली. पोर्तुगाल त्यांच्यासाठी घर नव्हतं, फक्त दार होतं.

गोव्याला बाहेर जाणं नवीन नाही. मुंबईत गिरणगावात चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या होत्या, तसे धोबीतलावला गोवेकरांचे ‘कूड’ होते. एकेका गावाचा एकेक. जहाजावरची नोकरी मिळेपर्यंत तिथे राहायचं. नंतर आखात आलं, मग इंग्लंड. जागा बदलली, पद्धत तीच राहिली. आधी गेलेला पुढच्याला खोली आणि नोकरी बघून देतो.

ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमतानंतर हे चित्र पालटलं. ३१ डिसेंबर २०२० नंतर युरोपीय संघाच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये मुक्तपणे जाऊन काम करण्याचा हक्क उरला नाही. आधीपासून राहणाऱ्यांना अर्ज करून थांबता आलं. पण आज नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतलात तर तो आयर्लंड किंवा जर्मनीला चालेल. ब्रिटनमध्ये नोकरीसाठी इतरांसारखाच व्हिसा लागेल.

याची किंमत काय मोजावी लागते?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ यांनुसार स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हा नियमांनुसार त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. ओसीआय कार्ड मिळालं तर भारतात येणं-राहणं सोपं होतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही.

तरीही लोक हा निर्णय घेतात. २०११ ते २०२२ या काळात देशभरातल्या पासपोर्ट कार्यालयांत सुमारे ७० हजार भारतीय पासपोर्ट परत केले गेले. त्यातले जवळपास ४० टक्के एकट्या गोव्यातले होते. भारताच्या लोकसंख्येत गोव्याचा वाटा सव्वा टक्काही सोडा, पाव टक्काही नाही, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

कागदपत्रांचा त्रासही झाला. पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यानंतर काही काळ भारतीय पासपोर्ट जवळ ठेवणाऱ्यांचे पासपोर्ट सरकारने थेट रद्द केले. मग पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र मिळेना आणि त्याशिवाय ओसीआय कार्ड मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने रद्द केल्याचा आदेशही चालेल असं सांगितल्यावर मार्ग निघाला. तोपर्यंत अनेकांची अवस्था स्वतःच्याच गावात परदेशी अशी झाली होती.

दुसऱ्या बाजूला, हीच वाट किती वर जाऊ शकते याचं उदाहरणही आहे. अंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोश्ता, मडगावच्या कुटुंबातले. जानेवारी २०१७ मध्ये भारतभेटीवर असताना कोश्तांना ओसीआय कार्ड देण्यात आलं.

आता दार अरुंद होतंय का?

हो. परदेशी लोकांची संख्या २०१७ मध्ये सव्वाचार लाखांच्या आसपास होती, ती सात वर्षांत साडेतीनपटीहून जास्त झाली. सरकारी यंत्रणा तेवढी वाढली नाही. लाखो अर्ज तुंबले. घरांची टंचाई आणि दवाखान्यातल्या रांगा यांचा राग नव्याने आलेल्यांवर निघू लागला.

जून २०२४ मध्ये पर्यटक म्हणून येऊन परवाना मागण्याची सोय बंद झाली. मे २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा ‘शेगा’ पक्ष जागांच्या हिशोबात दुसऱ्या क्रमांकावर आला. नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची वर्षं वाढवण्याचं विधेयकही २०२५ मध्ये संसदेत आलं. २०२२ मध्ये सुरू झालेला नोकरी शोधण्याचा व्हिसा २०२५ च्या कायद्याने उच्च कौशल्य असणाऱ्यांपुरता ठेवला.

गंमत म्हणजे ज्या देशाची एक अख्खी पिढी चोरवाटांनी फ्रान्सला गेली, त्याच देशात आज ‘बाहेरचे फार झाले’ हा निवडणुकीचा मुद्दा आहे. यात नवल नाही. मुंबईतही कोण बाहेरचं आणि कोण आधी आलं, हा वाद आपण अनेकदा ऐकला आहे.

कोकणातून जायचा विचार असेल तर काय बघाल?

‘पोर्तुगालला जा, सहा महिन्यांत कार्ड मिळेल’ अशी रील तुमच्यापर्यंत आली असेल, तर ती जुन्या नियमांवर बेतलेली आहे. काही गोष्टी तपासून घ्या.

१. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे परवाना मिळवण्याचा मार्ग आता नाही. कामासाठी जायचं तर भारतातूनच कामाचा व्हिसा आणि त्याआधी नोकरीचा लेखी करार हवा.

२. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असावा लागतो. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर परवाना क्रमांक टाकून बघता येतो. एजंटला घेता येणारं सेवाशुल्क कमाल ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी. कुणी दहा-बारा लाख मागत असेल, तर तो व्यवहार या चौकटीत बसत नाही.

३. करारातला पगार वर्षाला १४ हप्त्यांचा आहे का, त्यातून कर किती जातो, राहण्याचे पैसे कोण देणार, हे विचारा. ८७० युरोंचे रुपये करून हुरळून जाण्याआधी त्या शहरातलं एका खोलीचं भाडं बघा.

४. आजोबांचा जन्म गोवा, दमण किंवा दीवमधला १९६१ पूर्वीचा असेल, तर पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग वेगळा आहे. पण तो घेतल्यावर भारतीय पासपोर्ट वापरत राहणं कायद्याला धरून नाही. गावची शेतजमीन, मतदानाचा हक्क, सरकारी नोकरी यांतलं काय सुटणार, याचा हिशोब सही करण्याआधी घरात बसून करा.

पोर्तुगालकडून शिकण्यासारखं एवढंच की माणसं आळशी किंवा लोभी म्हणून देश बदलत नाहीत. आपल्या कामाला दुसरीकडे जास्त मोल आहे, हे कळलं आणि तिथे आधी गेलेलं कुणी ओळखीचं असलं, की पाय निघतो. मागे राहिलेलं कामही थांबत नाही, ते करायला आणखी कुणीतरी दुरून येतो. पोर्तुगालमध्ये तो पंजाबचा असेल, आपल्या कोकणात नेपाळचा. त्याच्याशी आपण कसं वागतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.